रेस वाढवलेली गाडी

राजारामपुरीतल्या इनामदार बाईंची प्रीमियर पद्मिनी फक्त सिग्नलला बंद पडायची. एरवी तिच्याबद्दल एका शब्दाची तक्रार नव्हती. हायवेला लागली की साठच्या वेगानं सुरेख जायची, चढालाही मागं हटायची नाही. पण ताराराणी चौकात लाल दिवा लागला, बाईंनी क्लच दाबून गियर न्यूट्रलला आणला आणि अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला, की इंजिन दोनतीन हिसके द्यायचं आणि गप्प व्हायचं. डॅशबोर्डवरचा बॅटरीचा दिवा तेवढा लुकलुकत राहायचा. मागं केएमटीची बस, तिच्यामागं रिक्षा, आणि सगळ्यांचे हॉर्न एका सुरात. सत्तरी ओलांडलेली बाई फियाट चालवते आहे हे दिसलं की एरवी कौतुकानं हात करणारी पोरंसुद्धा अशा वेळी मान फिरवायची.

गाडी 1987 ची. बाईंच्या यजमानांनी घेतलेली, आणि त्यांनीच शेजारी बसून बाईंना शिकवलेली. कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडलेल्या या गाड्यांचं मूळ इटलीच्या फियाट 1100 मधलं. इंजिन 1089 सीसीचं, चार सिलिंडरचं, आणि गियरची दांडी स्टिअरिंगच्या खांबावर. आजच्या पोरांना ती दांडी दाखवली तर ती वायपरची वाटते. मुंबईत काळ्यापिवळ्या रंगात ही गाडी पन्नासेक वर्षं राबली आणि 2023 च्या ऑक्टोबरअखेर तिथली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली. कोल्हापुरात मात्र अजून काही घरांच्या पोर्चमध्ये ती पांढऱ्या कापडाखाली उभी असते. बाईंची गाडी कापडाखाली नव्हती, वापरात होती. बँक, मंडई, आठवड्यातून एकदा अंबाबाई, आणि पौर्णिमेला नरसोबाची वाडी.

बाईंनी पस्तीसेक वर्षं हायस्कुलात गणित शिकवलं होतं. त्यांच्या हाताखालून गेलेली मुलं अजून त्यांना घाबरतात, आणि त्याचं कारण छडी नव्हे. बाई पेपर तपासताना उत्तर शेवटी बघत. आधी रीत बघत. रीत बरोबर आणि उत्तर चुकलं तर पाचापैकी चार गुण. उत्तर बरोबर आणि रीत चुकीची, तर भोपळा. या भोपळ्यावरून किती पालक शाळेत भांडायला आले असतील, त्याचा हिशेब नाही. बाई प्रत्येकाला एकच सांगायच्या, "उत्तर त्याला यायला नको होतं. तरी आलं. म्हणजे कुठंतरी दोन चुका झाल्यात आणि एकीनं दुसरीला झाकलंय."

तर अशा बाईंची गाडी बंद पडू लागली आणि त्या गॅरेज शोधायला निघाल्या.

पहिलं गॅरेज घराजवळचं. पोरगा हुशार, हात चलाख. बाईंचं वाक्य पुरं व्हायच्या आत बॉनेट उघडलं होतं आणि स्क्रू ड्रायव्हर कार्बोरेटरला लागला होता. बाई सांगत होत्या, "हे बघ, चोक जरा ओढून धरला की ती बंद पडत नाही. म्हणजे..." "चोक ओढून चालवू नका बाई, पेट्रोल लई खाईल," तो म्हणाला. सल्ला अगदी खरा होता. पण बाईंनी सल्ला मागितला नव्हता, निरीक्षण सांगितलं होतं. त्यानं रेसचा स्क्रू अर्धा फेरा आत घेतला, इंजिनाचा आवाज चढला, आणि गाडी उभ्या उभ्या चालू राहिली. "झालं. रेस कमी पडत हुती." पैसेही त्यानं नाममात्र घेतले.

आठवडाभर बरं गेलं. मग थंडी पडली, आणि गाडी पुन्हा दसरा चौकात आडवी झाली.

दुसरं गॅरेज मोठं. तिथं पाटीही मोठी आणि निदानही मोठं. "बाई, दोष गाडीचा नव्हं, पेट्रोलचा. आता त्यात वीस टक्के इथेनॉल असतंय." उसाच्या जिल्ह्यात हे ऐकून बाईंना हसू आलं. म्हणजे आपल्याच पंचगंगेच्या पाण्यावर पिकलेला ऊस आपल्याच गाडीला बाधला म्हणायचा. मेकॅनिक पूर्ण खोटं बोलत नव्हता. इथेनॉलमध्ये मुळातच ऑक्सिजन असतो, त्यामुळं जुन्या कार्बोरेटरचं मिश्रण थोडं पातळ पडतं, आणि जुन्या रबरी नळ्यांनाही ते मानवत नाही. पण शहरातल्या सगळ्या गाड्या तेच पेट्रोल पीत होत्या आणि सिग्नलला एकटी हीच मरत होती, याचं उत्तर त्यात नव्हतं. त्यानं प्लग बदलले, पॉइंट बदलले, कंडेन्सर बदलला, कॉइलसुद्धा बदलली. जाता जाता लांब दांड्याचा पाना लावून कार्बोरेटरच्या बुडाचे दोन्ही नट करकचून आवळले. "लीकबीक असंल तर ते बी गेलं," म्हणाला, आणि रेस आणखी थोडी वाढवून दिली.

हे नट लक्षात ठेवा.

तिसरा मेकॅनिक बाईंचा विद्यार्थीच निघाला. गाडी आत येताच हात पुसत पुढं आला, वाकून पाया पडला. "बाई, तुमच्या गणितामुळंच धंद्यात टिकलोय." बाईंना तो चांगला आठवत होता. पुस्तकाच्या मागं छापलेलं उत्तर आधी बघायचा आणि मग खालून वर रीत जुळवत यायचा. बरेचदा जुळायचीही. त्यानं मात्र बाईंचं बोलणं शेवटपर्यंत ऐकलं. चोक ओढला की गाडी टिकते, हे दोनदा विचारून घेतलं. बाईंना वाटलं, चला, ऐकणारा माणूस भेटला.

त्यानं काय केलं? चोकची केबल अशी बांधून टाकली की आत ढकलली तरी कार्बोरेटरच्या तोंडावरची पाटी पूर्ण उघडेचना. शिवाय मिश्रणाचा स्क्रू बाहेर काढला आणि रेस आणखी एकदा चढवली. गाडी आता खरोखरच बंद पडेना. बाईंनी सांगितलेलं लक्षणच त्यानं औषध म्हणून गाडीला कायमचं पाजलं होतं.

आता मजा अशी झाली, की बंद न पडणारी गाडी बंद करणं अवघड होऊन बसलं. घराच्या पोर्चमध्ये आणून बाईंनी किल्ली फिरवून काढून घेतली, आणि किल्ली हातात असताना इंजिन धडधड करत, थरथरत, बॉनेट हलवत तसंच चालू राहिलं. चार-पाच श्वासांनी एकदाचं खोकून थांबलं. जुन्या कार्बोरेटरच्या गाड्यांत रेस फार वाढवली की हे होतं. प्लगची ठिणगी बंद झाली तरी आत येणारं मिश्रण तापलेल्या भागांवर पडून पेटत राहतं. बाईंचा पुतण्या पुण्याहून आला होता, त्यानं हे पाहिलं आणि म्हणाला, "काकू, ही आता भुतासारखी चालते. भंगारात द्या आणि बॅटरीवरची छोटी घ्या." बाई म्हणाल्या, "मला या दांडीचा गियर येतो. तो नवीन मला येईल का, ते मला माहीत नाही." त्यावर पुतण्यापाशी उत्तर नव्हतं.

बाकीचे त्रासही हळूहळू जमा होत गेले. पहिला गियर टाकताना करकर व्हायला लागली. ट्रॅफिकमध्ये क्लच जरा सुटला की गाडी आपणहून पुढच्या स्कूटरवर चालून जायची, म्हणून ब्रेकवर पाय धरून ठेवावा लागे. पेट्रोल तर विचारूच नका. आणि मग पीयूसीची मुदत संपली.

पेट्रोल गाडीची पीयूसी तपासणी गाडी उभी असताना, आयडलिंगवरच होते. सायलेन्सरमध्ये नळी घालून धुरातला कार्बन मोनॉक्साइड मोजतात. अशा जुन्या चारचाकीला त्याची मर्यादा 3 टक्के. तपासणाऱ्या मुलानं स्क्रीनकडं बघितलं, नाकाला रुमाल लावला आणि म्हणाला, "आज्जी, हिचं आयडलिंग कुठाय? ही तर पळतीया." आकडा मर्यादेच्या बराच पुढं होता. प्रमाणपत्र मिळालं नाही.

त्या दिवशी बाई घरी आल्या आणि वहीच्या पानावर तीन गॅरेजची बिलं ओळीनं मांडली. प्रत्येकानं गाडी चालू करून दिली होती. प्रत्येकाचं उत्तर बरोबर आलं होतं.

शिवाजी उद्यमनगरात, लेथच्या आणि ग्राइंडिंगच्या दुकानांच्या गर्दीत एका बोळाच्या टोकाला दस्तगीर चाचांचं गॅरेज आहे. गॅरेज म्हणजे पत्र्याचं छप्पर, एक खड्डा, एक व्हाइस, आणि भिंतीवर खिळ्यांना टांगलेले पाने. शेजारी दिवसभर लेथचा किरकिर आवाज आणि कटिंग ऑइलचा वास. चाचांनी उमेदीची वर्षं फियाट आणि अ‍ॅम्बेसिडरवर घालवली. आता डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय, गुडघे बोलतात. हातानं काम उम्या करतो, आयटीआय झालेलं पोरगं. चाचा स्टुलावर बसून ऐकतात.

बाईंची गाडी बोळात शिरली तेव्हा चाचांनी मान वर केली. "फियाट हाय," म्हणाले, "आणि कुणीतरी तिला लई पळवायलंय." उम्या बॉनेटकडं धावला. "थांब," चाचा म्हणाले. "आधी बाईंना खुर्ची दे. च्या सांग."

मग त्यांनी विचारलं, "बाई, गाडीचं ऱ्हाऊ दे. तुम्ही सांगा. कधी मरती?"

बाईंना एवढा साधा प्रश्न इतक्या दिवसांत कुणी विचारला नव्हता. पहिल्या दोघांनी "काय झालंय" असं विचारलं होतं आणि उत्तराची वाट न बघता स्वतःच सांगितलं होतं. बाईंनी फळ्यावर मांडावं तसं सांगितलं. सकाळी गार असताना चोक ओढून एका झटक्यात चालू होते. गरम झाली, चोक आत ढकलला, की उभ्यानं टिकत नाही. बोटभर चोक पुन्हा ओढला की टिकते. पळताना काही होत नाही. पाऊस असो, ऊन असो, फरक नाही. आणि हे सगळं तीन गॅरेज व्हायच्या आधीचं. नंतर काय काय झालं, त्याची बिलं ही अशी.

"चोक वडला की ऱ्हाती," चाचा स्वतःशीच म्हणाले. "निम्मं काम झालं बाई. उरलेलं निम्मं उम्या करंल. उम्या, चोकची केबल सोड. मिश्रणाचा स्क्रू हलक्या हातानं आत टेकव आणि दीड फेरा बाहेर घे. रेसचा स्क्रू मूळ जागी आण."

"चाचा, मग ती चालूच ऱ्हानार न्हाई की."

"न्हाई ऱ्हानार. तेच बघायचंय मला. हितं तिघांची औषधं एकावर एक चढल्यात. आजार कुठला आणि औषध कुठलं, काय कळतंय?"

चहाचा कप बशीत ठेवता ठेवता बाईंचा हात थांबला. वर्गात एखाद्याचं गणित भलतीकडं गेलं की त्याही अशाच पान आडवं खोडायला लावत. मध्येच खाडाखोड करून चालायचं नाही, पहिल्या ओळीपासून यायचं. पोरं रडकुंडीला यायची. पण चूक सापडायची ती तिथंच.

उम्यानं सगळं मूळ जागी आणलं. गाडी चालू केली, गरम केली, पाय काढला. दोन हिसके, आणि बंद. उम्यानं चेहरा पाडला. चाचांचा मात्र खुलला. "हां. आता खरं बोलली."

इथं थोडं थांबून इंजिनाचं सांगायला हवं, कारण गोष्टीतला दोष तिथंच दडलेला आहे. पेट्रोलच्या एका भागाला वजनानं साधारण पंधरा भाग हवा लागते. हे मिश्रण करून देणं हे कार्बोरेटरचं काम. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की आतली थ्रॉटलची पाटी उघडते आणि हवा भरपूर आत येते. पाय काढला की ती जवळजवळ मिटते, इंजिन मिनिटाला सातआठशे फेऱ्यांवर येतं, आणि बंद पाटीमागं पिस्टन हवेसाठी ओढ घेत राहतात. त्या वेळी आत जबरदस्त व्हॅक्यूम असतो आणि एका बारीकशा जेटमधून थेंबाथेंबानं येणाऱ्या पेट्रोलवर सगळा संसार चाललेला असतो. अशा वेळी कुठूनतरी चोरून हवा आत शिरली, तर ते थोडकं मिश्रण एकदम पातळ होतं आणि ठिणगीला दाद देत नाही. साठच्या वेगात तीच चोरटी हवा एवढ्या मोठ्या प्रवाहात कुठल्या कुठं हरवून जाते. म्हणून पळती गाडी निरोगी वाटते. चोक ओढला की बाहेरची हवा कमी आणि पेट्रोल जास्त होतं, म्हणजे चोरीचा हिशेब भरून निघतो, आणि गाडी टिकते. बाईंनी सांगितलेल्या एका वाक्यात हे सगळं होतं.

चाचांनी हे बाईंना इतक्या शब्दांत सांगितलं नाही. म्हणाले, "शहाळ्याची नळी चिरलेली असली म्हंजे कसं हुतंय? ओढा ओढा, हवाच येती तोंडात."

"मग चिरलंय कुठं?"

"ते आता बघू."

उम्या पेट्रोलची बाटली घेऊन आला. सांध्यावर पेट्रोल शिंपडायचं, आवाज बदलला की लीक तिथं, अशी त्याची रीत. चाचांनी बाटली हातातून काढून घेतली. "तापल्या इंजिनावर पेट्रोल? मिशी जाळून घ्यायचीय व्हय? तेलाची कुपी आण."

गाडी पायानं चालू धरून ठेवायला बाई स्वतः आत बसल्या. उम्यानं लांब चोचीच्या कुपीतून इंजिन ऑइलचा एकेक थेंब सांध्यांवर सोडायला सुरुवात केली. मॅनिफोल्डच्या एका टोकाला काही नाही. दुसऱ्या टोकाला काही नाही. कार्बोरेटरच्या बुडाशी, मागच्या अंगाला थेंब पडला, आणि इंजिनाचा सूर एकाएकी भरला. दोन क्षण गाडी आपली आपण, लयीत चालली. तेल आत ओढलं गेलं, सायलेन्सरमधून निळसर धूर आला, आणि पुन्हा हिसके सुरू.

उम्या चाचांकडं बघायला लागला. चाचांनी डोळे मिटले होते. "कळलं," म्हणाले. "खोल."

एअर क्लीनर उतरला, केबली सुटल्या, नट सैल करायला पाना लावला तर तो हलेना. उम्यानं अंगाचं वजन टाकलं तेव्हा नटानं कर्र केलं. कार्बोरेटर हातात आला. खालचं गॅस्केट दोन टोकांना पापडासारखं चेपून काळं पडलं होतं आणि मधोमध, भोकाच्या कडेला, नव्यासारखं फुगीर होतं. चाचांनी स्टीलची पट्टी मागितली, कार्बोरेटरच्या बुडावर आडवी धरली आणि बाईंना हाक मारली. "माझ्या डोळ्यानं दिसत न्हाई. तुम्ही बघा. पट्टीखालनं उजेड येतोय का?"

बाईंनी चष्मा वर केला. पट्टीची दोन टोकं बुडाच्या दोन कानांवर टेकली होती. मधे केसाएवढी फट, आणि त्या फटीतून बोळातलं ऊन दिसत होतं.

"कानाला धरून कुणीतरी लई आवळलंय," चाचा म्हणाले. बिडाचं नाही हे, मऊ धातूचं असतं. दोन्ही कडांना नट आहेत, मधे काही नाही. कडा जितक्या खाली ओढल्या तितका मधला भाग वर उचलला गेला. आधी कधीतरी जराशी फट पडली असेल. ती बुजवायला कुणी आवळलं, फट वाढली. वाढली म्हणून पुढच्यानं आणखी आवळलं. "शेवटी ह्यानं हवा आत घेतली नसती तर काय केलं असतं?"

बाई काही बोलल्या नाहीत. वर्गातली एक-दोन नावं त्यांच्या डोळ्यांसमोर आली असावीत. कान धरण्यावरून आली असावीत, असं आपलं मला वाटतं.

उम्या म्हणाला, "शेजारी ग्राइंडरवर दोन मिनटांत सपाट करून आणतो."

"ग्राइंडर पाच केसांएवढं खाईल. आपल्याला एक केस काढायचाय."

खिडकीच्या जाड काचेचा तुकडा बाकावर ठेवला गेला. त्यावर बारीक पॉलिश पेपर, पेपरवर चार थेंब तेल. चाचांनी उम्याला बुडाच्या सपाटीवर शिसपेन्सिलीनं आडव्या उभ्या रेघा मारायला लावल्या. मग घासायचं, पण दाब न देता. कार्बोरेटरच्या स्वतःच्या वजनानं, इंग्रजी आठचा आकडा काढत. पाचदहा वेढे झाले की उलटून बघायचं. पहिल्यांदा दोन्ही कानांवरच्या रेघा पुसल्या. मधल्या तशाच होत्या. पुन्हा वेढे. कानांपासून आत, बोटभर रेघा गेल्या. उम्या घाईला आला की आकडा बिघडायचा आणि एक बाजू जास्त खाल्ली जायची. चाचा आवाजावरून ओळखायचे. "वाकडं गेलं. परत." लेथ थांबला, जेवणाची सुट्टी झाली, पुन्हा सुरू झाला. शेवटी मधल्या भोकाच्या कडेची रेघ पुसट झाली, मग तुटक झाली, मग गेली. पट्टी ठेवली तेव्हा बाईंनीच बघितलं. "उजेड नाही," त्या म्हणाल्या.

त्यात उम्यानं बारीक जेट काढून तार शोधायला सुरुवात केली होती. चाचांनी इथंही अडवलं. जेटात तार घालायची नाही. पितळेचं भोक वाढतं आणि मग जन्मभर पेट्रोल जास्त जातं. तोंडानं फुंकायचं किंवा कॉम्प्रेसरची हवा मारायची. हवा मारल्यावर जेटातून राखाडी कण उडाला. एवढासा, मोहरीहून लहान.

नवं गॅस्केट, दोन्ही नट आधी बोटांनी टेकवले. मग आखूड पाना. एकीकडं पाव फेरा, दुसरीकडं पाव फेरा. "पुरे," चाचा म्हणाले. उम्याला ते पुरे वाटत नव्हतं. त्याच्या हातात अजून जोर शिल्लक होता आणि तो वापरायचा नाही, हेच त्याला जमत नव्हतं. चाचांनी पाना मागून घेतला आणि मांडीवर ठेवला.

सेटिंगला दहा मिनिटंही लागली नाहीत. गाडी गरम केली, मिश्रणाचा स्क्रू आतबाहेर करत इंजिन सगळ्यात गुळगुळीत कुठं चालतं ते पकडलं, मग रेसचा स्क्रू सोडत सोडत खाली आणली. उम्यानं हेडलाइट लावून बघितलं. इंजिन क्षणभर बसलं आणि पुन्हा सावरलं. किल्ली फिरवली, तर निमूट बंद. पुन्हा चालू केली. लेथच्या आवाजात ती चालू आहे की बंद, हे कळायला बॉनेटवर हात ठेवावा लागत होता.

"नाद खुळा," उम्या म्हणाला.

गॅस्केट, पॉलिश पेपर आणि मजुरी मिळून जे काही झालं, ते तिसऱ्या गॅरेजच्या एका बिलाच्या निम्मंही नव्हतं. बाईंनी पैसे दिले आणि कागदावर काय काय केलं ते क्रमानं लिहून मागितलं. चाचांना लिहिता येत नव्हतं आता, डोळ्यांमुळं. ते सांगत गेले, उम्या लिहीत गेला. ग्राइंडर नाही, तार नाही, जोर नाही, हेही बाईंनी त्यात लिहायला लावलं.

परत जाताना बाईंनी गाडी त्यांच्या विद्यार्थ्याच्या गॅरेजसमोर उभी केली. काच खाली केली, इंजिन चालू ठेवलं, गियर न्यूट्रलला. तो बाहेर आला. आधी त्याला वाटलं गाडी बंद पडली. मग जवळ येऊन वाकला, ऐकलं, आणि उभाच राहिला.

"चोक बांधलेला नाही," बाई म्हणाल्या.

"मग बाई, कशी..."

बाईंनी उम्याच्या अक्षरातला कागद पुढं केला. त्यानं तो उभ्या उभ्या वाचला. बुडाच्या सपाटीच्या ओळीपाशी येऊन थांबला आणि ती ओळ दुसऱ्यांदा वाचली. "हे आमाला सुचलं न्हाई बाई. पण गाडी आमी चालू तर करून दिलीच हुती की."

"दिली होतीस. म्हणून तर मला तीन महिने कळलं नाही की ती बिघडलेली आहे."

तो ओशाळला, पण हसलाही. "किती मार्क बाई?"

"शून्य," बाई म्हणाल्या. "कागद ठेव. उद्या उम्याकडं जाऊन एकदा काचेवर घासून बघ. दाब द्यायचा नाही."

तो गेला की नाही, मला माहीत नाही. त्या आठवड्यात पीयूसीवाल्या मुलानं पुन्हा नळी घातली, स्क्रीन बघितली आणि या खेपेला रुमाल काढला नाही. कार्बन मोनॉक्साइड 3 टक्क्यांच्या आत होता, आणि सहा महिन्यांचं प्रमाणपत्र छापून बाहेर आलं.

तुमच्या घरी अजून चोकची गाडी असेल आणि ती सिग्नलला मरत असेल, तर गॅरेजला जाण्याआधी एका कागदावर लिहून काढा: गार असताना काय होतं, गरम झाल्यावर काय होतं, चोक ओढल्यावर काय होतं, पळताना काय होतं. कागद मिस्त्रीच्या हातात द्या. तो न वाचता त्यानं रेसच्या स्क्रूला हात घातला, तर बॉनेट लावून पुढचं गॅरेज बघा.